चुंबकीय फीत : कपाटात ठेवलेली स्मृती

रुग्णाची नोंद हा आपल्या व्यवसायाचा कणा आहे. पेडणे व डिचोली तालुक्यांतील दवाखान्यांतूनही ही नोंद आता वहीतून संगणकात जाऊ लागली आहे. संगणकात गेलेली नोंद कायमची सुरक्षित झाली, असा आपला सर्वसाधारण समज असतो. तो कितपत खरा आहे, हे समजून घेण्यासाठी मी व्यवसायबंधूंना एका जुन्या साधनाचा परिचय करून देऊ इच्छितो. ते साधन म्हणजे चुंबकीय फीत, अर्थात मॅग्नेटिक टेप.

भजनांच्या आणि नाट्यसंगीताच्या कॅसेटी आपल्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. संगणकाची फीत ही त्यांचीच सख्खी बहीण. लोहसंयुगाच्या कणांचा लेप दिलेल्या पट्टीवर ध्वनिमुद्रण करण्याच्या पद्धतीचे पेटंट जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमर यांनी 1928 साली घेतले. त्यांची पट्टी कागदी होती. प्लास्टिक पुढे आले. कॅसेटमध्ये ध्वनीच्या चढउतारांप्रमाणे कणांचे चुंबकत्व कमीअधिक होते. संगणकाच्या फितीवर मात्र चुंबकत्वाची दिशा उलटवून 0 आणि 1 या दोनच अंकांच्या खुणा उमटवल्या जातात. वीज गेली तरी या खुणा पुसल्या जात नाहीत.

1951 साली अमेरिकेत युनिव्हॅक संगणकासाठी फीत प्रथम वापरात आली. ती धातूची होती. पुढच्याच वर्षी आयबीएमने प्लास्टिकच्या फितीचे यंत्र आणले. त्याच्या एका रिळावर सुमारे 20 लाख अंक मावत. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1964 साली सीडीसी 3600 हा मोठा संगणक आला, तोही अशाच फितींवर माहिती साठवीत असे.

आपल्या शास्त्रावरही या फितीचे ऋण आहे. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात रुग्णाच्या मेंदूचे पहिले सीटी स्कॅन झाले. प्रतिमा तयार करण्याइतका समर्थ संगणक त्या रुग्णालयात नव्हता. म्हणून मोजमापे चुंबकीय फितीवर नोंदवून ती फीत ईएमआय कंपनीच्या प्रयोगशाळेत नेण्यात आली, आणि तेथील संगणकाने प्रतिमा सिद्ध केली. या शोधाबद्दल गॉडफ्री हाउन्सफील्ड यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासमवेत 1979 सालचे नोबेल पारितोषिक लाभले.

फितीचा दोष उघड आहे. कॅसेटमधील शेवटचे पद ऐकायचे तर आधीची सारी फीत पुढे सरकवावी लागते, येथेही तेच. त्यामुळे रोजच्या कामात हार्ड डिस्कने तिची जागा घेतली. तरीही फीत नामशेष झाली नाही. 2000 साली आलेल्या एलटीओ जातीच्या पहिल्या कॅसेटीत 100 गिगाबाइट माहिती मावत असे. 2021 मधील नवव्या पिढीच्या कॅसेटीत ती 18 टेराबाइट, म्हणजे 180 पट मावते.

ती टिकून राहिली याचे एक कारण क्षमता आणि स्वस्ताई. दुसरे कारण मला अधिक मोलाचे वाटते. लिहून झालेली फीत यंत्रातून बाहेर काढून कपाटात ठेवता येते, आणि कपाटातल्या वस्तूपर्यंत संगणकातील बिघाड किंवा चोर पोहोचू शकत नाही. 2011 च्या फेब्रुवारीत एका सदोष बदलामुळे जीमेलच्या काही खात्यांतील पत्रे नाहीशी झाली. गूगलच्या इतर संगणकांवरील प्रतींनाही त्याची झळ लागली होती. पत्रे परत मिळाली ती फितींवरून.

हे संकट आपल्या उंबरठ्यापर्यंतही आले आहे. जुलै 2021 च्या पुराने डिचोली, पेडणे व सत्तरी तालुक्यांत काय हाहाकार केला, हे आपण पाहिले. त्यानंतर वर्षही उलटले नव्हते, तोच जून 2022 मध्ये, ऐन पावसाळ्यात, गोव्यातील नद्यांच्या पूरनिरीक्षण यंत्रणेच्या सर्व्हरवर हल्ला झाला. खंडणीखोरांनी त्यातील माहितीला जणू कुलूप ठोकले आणि किल्लीसाठी बिटकॉइनची मागणी केली. त्याच वर्षी 23 नोव्हेंबर रोजी दिल्लीच्या एम्समध्ये असाच प्रकार घडला, आणि नोंदणीपासून तपासण्यांपर्यंतची कामे कित्येक दिवस कागदावर करावी लागली. तेथील रुग्णांची माहिती अखेर परत मिळाली, ती हल्ल्यातून बचावलेल्या एका राखीव सर्व्हरवरून.

भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी 3 वर्षे जपणे आणि मागणी झाल्यास त्या 72 तासांत देणे आपल्यावर बंधनकारक आहे. संगणक बिघडला, ही सबब रुग्णाच्या उपयोगी पडत नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या रुग्णाची नोंद हरवली, तर धोका त्याच्या जिवाला असतो.

फितीचे यंत्र काही लाखांचे असल्याने छोट्या दवाखान्याला ते परवडणार नाही. शिवाय आपल्या पावसाळी दमटपणात फिती कोरड्या, थंड जागी जपाव्या लागतात. तिच्यामागचे तत्त्व मात्र कोणालाही परवडण्यासारखे आहे. नोंदींच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक दवाखान्याबाहेर असावी. मी त्यात एकाच गोष्टीची भर घालीन : निदान एक प्रत संगणकाला न जोडलेली असावी. आठवड्यातून एकदा नोंदी बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून, ती काढून घरच्या कपाटात ठेवावी. दोन-तीन महिन्यांनी त्या प्रतीतून एखादी नोंद उघडून पाहावी. कारण जी प्रत वाचता येत नाही, ती असून नसल्यासारखीच.