कोवळ्या कडवळाची परीक्षा व पिक्रिक आम्लाची बाटली

मृगाचा पाऊस पडून पुढें पंधरा-वीस दिवस उघाड पडली, म्हणजे ज्वारीचें कोवळें पीक सुकूं लागतें. आणि नेमकी त्याच वेळीं गोठ्यांतील वैरणहि संपत आलेली असते. अशा दिवसांत बांध ओलांडून ज्वारींत शिरलेली गाय घटकेच्या आंत मरून पडल्याची हकीकत कोणत्या ना कोणत्या गांवाहून कानीं येते. या कडवळाची परीक्षा घरच्याघरीं करतां येते काय, अशी पृच्छा आमच्याकडे वारंवार होते. यंदां एका सभासदांनीं तर असें कळविलें कीं, त्यांच्या तालुक्याच्या ठिकाणीं बंद पडलेल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेंतील सामान विकावयास निघालें असून त्यांत पिक्रिक आम्लाची एक जुनी बाटली आहे. ती गांवासाठीं घेऊन ठेवावी काय? त्यांना आम्हीं तत्काळ उत्तर दिलें, तें हें कीं, बाटली घेऊं नये, आणि तिला हातहि लावूं नये. परंतु असें कां, हें इतर वाचकांसहि कळणें अवश्य असल्यामुळें येथें थोडें विस्तारानें लिहीत आहों.

प्रथम विषाविषयीं. कोवळ्या ज्वारीच्या पानांत विष तयार स्थितींत नसतें. तेथें असतो तो धुरिन नांवाचा पदार्थ. डन्स्टन व हेन्री या रसायनशास्त्रज्ञांनीं तो १९०२ सालीं कोवळ्या ज्वारींतून वेगळा करून दाखविला. पानाच्या वरच्या पापुद्र्यांतील पेशींत धुरिन आणि आंतल्या पेशींत त्यास फोडणारें द्रव्य, अशी या दोहोंची मुळांत फारकत असते. जनावरानें पान चावलें, कीं दोन्ही एकत्र येऊन प्रुसिक आम्ल सुटतें. तें पोटांत गेलें म्हणजे रक्तांत प्राणवायु असूनहि शरीराच्या पेशींना तो घेतां येत नाहीं. म्हणूनच अशा जनावराचें रक्त काळवंडण्याऐवजीं लालभडक दिसतें. घोड्यापेक्षां गाईम्हशींना व शेळ्यामेंढ्यांना ही बाधा लवकर होते. पावसाच्या ओढीनें खुरटलेलें पीक आणि कापणीनंतर बुडख्यांना आलेले नवे फुटवे हीं सर्वांत वाईट. पीक फुलोऱ्यावर आल्यावर विष पुष्कळ उतरतें, आणि चांगल्या वाळलेल्या कडब्याचें भय सहसा उरत नाहीं.

परीक्षा पिक्रेट कागदाची म्हणून ओळखली जाते. गिन्यार या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाचें नांव तिच्याशीं जोडलेलें आहे. टिपकागदाची बोटभर पट्टी सोडा घातलेल्या पिक्रिक आम्लाच्या द्रावणांत भिजवून निथळूं द्यावयाची. कांचेच्या नळींत ताज्या पानांचे बारीक तुकडे घालून त्यांवर क्लोरोफॉर्मचे दोन-चार थेंब टाकावयाचे, म्हणजे पेशी लवकर फुटतात. आणि पानांना शिवणार नाहीं अशा बेतानें ती ओलसर पिवळी पट्टी बुचाला अडकवून नळी घट्ट बंद करावयाची. नळी कोमट जागीं ठेविली असतां, विष असल्यास पट्टी प्रथम नारिंगी व मग विटकरी तांबडी होते. ती कांहीं मिनिटांतच तांबडी झाली, तर तें कडवळ जनावरापुढें टाकूं नये. हा अर्थात् अंदाज झाला. ओल्या चाऱ्याच्या एका किलोंत २०० मिलिग्रॅमांहून अधिक विष असल्यास तो धोक्याचा समजतात, परंतु नेमका आंकडा प्रयोगशाळेंतच निघतो. शिवाय एकाच शेतांत उंचवट्यावरचें खुरटें पीक विषारी व ओलीचें पीक निर्धोक, असेंहि असूं शकतें. एका ठिकाणच्या पानांवरून सगळ्या शेताचा निवाडा करणें बरें नव्हे.

आतां त्या पिवळ्या द्रव्याकडे वळूं. पिक्रिक आम्ल हें गंधकाच्या तेजाबासारखें पातळ नसून पिवळ्याधमक स्फटिकांचें असतें. चव इतकी कडू कीं, ग्रीक भाषेंतील 'कडू' या अर्थाच्या शब्दावरूनच त्याला हें नांव पडलें. १७७१ सालीं पीटर वूल्फ यानें निळीवर नत्राम्लाची क्रिया करून तें तयार केलें, आणि पुढें बरींच वर्षें रेशीम व लोकर पिवळी रंगविण्याच्या कामीं तें येत असे. १८८५ च्या सुमारास फ्रान्समध्यें तुर्पें यानें तें तोफेच्या गोळ्यांत भरतां येतें असें दाखविलें, आणि रंगाऱ्याची ही वस्तु दारूगोळ्याच्या कोठारांत गेली. ता. ६ डिसेंबर १९१७ रोजीं कॅनडांतील हॅलिफॅक्स बंदरांत 'माँ ब्लाँ' हें जहाज दुसऱ्या जहाजाशीं टक्कर होऊन पेटलें व त्याचा स्फोट झाला. त्यावर इतर स्फोटक मालहि होता, परंतु सर्वांत मोठा वांटा पिक्रिक आम्लाचा, सुमारें २३०० टन, होता. गांवाचा एक भाग जमीनदोस्त होऊन सुमारें १८०० माणसें मेलीं. आपल्याकडील १८८४ च्या स्फोटक द्रव्यांच्या कायद्याच्या व्याख्येंतहि आज पिक्रिक आम्लाचें नांव आहे.

एवढें वाचून कोणी म्हणेल कीं, मग प्रयोगशाळांतून ही वस्तु ठेवितात तरी कशी? याचें उत्तर एका शब्दांत आहे: पाणी. तिच्यांत निदान शेंकडा ३० भाग पाणी मुरलेलें असेल, तर तिचा स्फोट सहसा होत नाहीं. विक्रीस येते तीहि अशी ओली करूनच. पण बाटली वर्षानुवर्षें फडताळांत पडून राहिली, उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले, कीं पाणी उडून जातें आणि मागें कोरडे स्फटिक राहतात. हे घर्षणानें, धक्क्यानें अगर उष्णतेनें उडतात. त्यांतहि सर्वांत धोक्याची जागा झांकणाच्या आट्यांची. तेथें वाळून बसलेली पिवळी पूड झांकण फिरवितांना नेमकी रगडली जाते. म्हणजे बाटलींत काय आहे हें पाहण्यासाठीं ती उघडणें, हेंच तिच्या बाबतींत सर्वांत घातक कृत्य होय.

दुसरा धोका धातूंचा. तांबें, शिसें, जस्त, लोखंड यांच्याशीं संयोग होऊन या आम्लाचे जे क्षार बनतात, त्यांपैकीं कित्येक मूळ आम्लाहूनहि नाजूक असतात. शिशाचा क्षार तर फारच. म्हणून तें पत्र्याच्या डब्यांत ठेवूं नये, धातूच्या चमच्यानें काढूं नये व झांकणहि धातूचें नसावें. आपल्या घरांत हाताशीं येणारें भांडें बहुधा तांब्याचें नाहीं तर पितळेचें असतें, हें ध्यानांत ठेवावें. चुनेगच्चीच्या किंवा सिमेंटच्या जमिनीवर तें सांडल्यास चुन्याशींहि असाच क्षार बनतो. सांडलेलें द्रावण वाळूं न देतां भरपूर पाण्यानें ओल्या कपड्यांनीं टिपून घ्यावें, आणि ते कपडे ओलेच कांचेच्या बरणींत ठेवावे. उरलेलें द्रावण मोरींत ओतणें, उकिरड्यावर टाकणें अगर पेटवून देणें हीं तिन्ही वर्ज्य.

अंगावर पडल्यास कातडी पिवळी होते व कित्येकांस पुरळ उठतें. साबण व पाण्यानें लगेच धुवावें. डोळ्यांत उडाल्यास निदान पंधरा मिनिटें स्वच्छ पाण्याची धार धरून मग दवाखाना गांठावा. पोटांत गेल्यास यकृत व मूत्रपिंड यांस अपाय होतो. तेव्हां वेळ न दवडतां डॉक्टरांकडे जावें. बाटली बरोबर नेऊं नये, तिच्यावरील नांव कागदावर लिहून न्यावें.

या परीक्षेस लागतें तरी किती? शंभर मिलिलिटर पाण्यांत अर्धा ग्रॅम पिक्रिक व पांच ग्रॅम सोडा, एवढें द्रावण गांवाच्या सगळ्या पट्ट्यांना पुरून उरेल. अशा विरल द्रावणाच्या स्फोटाचें भय नाहीं. तें मात्र वाळूं द्यावयाचें नाहीं, कारण सोड्यानें बनलेला क्षारहि कोरडा झाला म्हणजे स्फोटक होतो. तेव्हां शंभर ग्रॅमांची बाटली गांवांत आणणें म्हणजे वीस लिटर द्रावणाचा सांठा करणें होय. याला आम्ही हौस म्हणूं, गरज म्हणणार नाहीं. ज्यांना परीक्षा करावयाचीच असेल त्यांनीं कृषि महाविद्यालयाच्या किंवा पशुवैद्यकाच्या प्रयोगशाळेंतून तयार द्रावण पांच-पन्नास मिलिलिटर, हंगामापुरतें, प्लास्टिकच्या झांकणाच्या कांचेच्या बाटलींत आणावें, नांवाची चिठ्ठी लावून मुलांच्या हाताबाहेर ठेवावें, आणि काम झाल्यावर उरलेलें तेथेंच परत करावें. परीक्षा ओसरीवर, मोकळ्या हवेंत करावी. क्लोरोफॉर्मचा वास जवळून घेऊं नये.

आमचें स्वतःचें मत विचाराल, तर बहुतेकांना परीक्षेची आवश्यकताच नाहीं. फुलोरा येईपर्यंत कडवळ न चारणें, बांधाकडेची ज्वारी राखणें, आणि खुडलेलें पीक कापून पुरतें वाळविल्यावांचून न घालणें, हें कोणासहि करतां येतें. जनावर बाधलेंच, धापा टाकूं लागलें व झोकांड्या जाऊं लागल्या, तर पशुवैद्यास ताबडतोब आणावें. सोडियम नायट्राइट व हायपो शिरेंतून टोंचण्याचा त्यांचा उपाय गुणकारी आहे, पण तो वेळेंत व्हावा लागतो. अशा वेळीं कागदाची परीक्षा करीत बसणें व्यर्थ.

राहिली ती शाळेंतील बाटली. ती हालवूं नये, उघडूं नये, पाणी घालण्यासाठींहि उघडूं नये. खोलीस कुलूप लावून मुलांना व मजुरांना तिकडे फिरकूं देऊं नये, आणि पोलिसांना द्रव्याचें नांव सांगून वर्दी द्यावी, म्हणजे त्यांचें बॉम्बनाशक पथक येऊन तिची व्यवस्था करील. खोलीस आग लागल्यास विझविण्यास न जातां सर्वांनीं दूर जावें व आग विझविणाऱ्यांस आंत काय आहे तें आधीं सांगावें. जुन्या शाळा, रंगाचे कारखाने अगर दवाखाने यांचें सामान लिलावांत घेणाऱ्या वाचकांनीं पिवळ्या स्फटिकांची बाटली दिसतांच, तिच्यावर चिठ्ठी असो वा नसो, असेंच वागावें.