नाव ठोकण्याआधी

जुनं लोखंडी कपाट रंगवायला काढलं की चांगला कारागीर आधी नावपट्टी सांभाळतो. घाटकोपरच्या एका गाळ्यात मी हे काम जवळून पाहिलं. फुगलेला रंग पॉलिश पेपरने घासून निघाला, खड्ड्यांत लांबी भरली गेली, प्रायमरचा हात बसला. मग स्प्रे गन उचलण्याआधी कारागिराने किल्लीजवळच्या ‘गोदरेज’ या अक्षरांवर बोटाने ग्रीस चोपडलं. रंग सुकल्यावर चिंधीने पुसताच नाव स्वच्छ उघडं पडलं. ‘नाव बुजलं की कपाटाची किंमत उतरते,’ एवढंच तो म्हणाला.

या नावाची किंमत कशी वाढत गेली, हे समजायला अक्षरांच्या वळणाच्या आधीचा काळ पाहावा लागतो. वकिली सोडलेल्या अर्देशीर गोदरेज यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायला घेतली. माल चांगला होता, घेणारी ब्रिटिश मालकीची कंपनीही तयार होती. प्रश्न उभा राहिला तो त्यावर ठसा कोणता मारायचा याचा. माल हिंदुस्थानात बनल्याचं त्यावर लिहिलंच पाहिजे, हा अर्देशीर यांचा आग्रह. तसं लिहिलं तर खपणार नाही, हे समोरच्याचं म्हणणं. अर्देशीर यांनी तो धंदाच सोडून दिला आणि 1897 मध्ये ते कुलपांकडे वळले. भागीदार बॉइस लवकरच बाजूला झाले, तरी त्यांचं नाव कंपनीच्या नावात राहिलं.

पुढे अर्देशीर यांचे धाकटे बंधू पिरोजशा यांनी 1943 मध्ये विक्रोळीची विस्तीर्ण जमीन घेतली आणि लालबागचा कारखाना हळूहळू उपनगरात आला. 1951 मध्ये पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी बारा लाखांहून अधिक मतपेट्या याच विक्रोळीत तयार झाल्या. 1955 मध्ये टाइपरायटर आला, 1958 मध्ये फ्रिज. माल बदलला तसा नाव उमटवायचा पृष्ठभागही बदलला.

कुलपाच्या पितळेत ठशाने उठवलेलं अक्षर ठसठशीत आणि खोल लागतं. हाताच्या घामाने, किल्लीच्या घासण्याने बारीक रेघ झिजून जाते. गोदरेजचं नवताल कुलूप हातात घेऊन पाहा, नावाबरोबर आत किती लिव्हर आहेत तेही कोरलेलं असतं. म्हणजे चिन्ह आणि हमी शेजारी शेजारी. कपाटाच्या किंवा फ्रिजच्या दारावर मात्र नाव लांबून दिसावं लागतं. तिथे सहीसारखं जोडून लिहिलेलं वळण कामी येतं, कारण अक्षरं एकमेकांना धरून असली की अख्खं नाव एकाच तुकड्यात बसवता येतं आणि एखादं अक्षर निखळून पडत नाही. छापील खोक्यावर या अडचणी नाहीत. तिथे शाई हवी तितकी नाजूक रेघ ओढते.

2008 मध्ये समूहाने आपली ओळख नव्याने मांडली तेव्हा हिरवा, निळा आणि माणकासारखा लाल असे तीन रंग आले. धातूवर नावाला धातूचाच रंग असे. दुकानाच्या पाटीवर आणि पडद्यावर रंगांना वाव मिळाला. वळण मात्र जोडून लिहिलेल्या सहीचंच ठेवलं, आणि तो निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. तीन पिढ्यांनी रोज किल्ली फिरवताना जे वळण पाहिलं, ते एका सादरीकरणासाठी टाकून देणं हा तोटाच ठरला असता. 2024 मध्ये कुटुंबात वाटणी झाली, जमिनी आणि कंपन्या वेगळ्या झाल्या. ‘गोदरेज’ हे नाव मात्र दोन्ही समूहांनी राखलं.

आज अंधेरी-मुलुंडच्या गाळ्यांतून नवा उद्योग उभा करणारी मुलं यंत्र बसवण्याआधी लोगो करून घेतात. त्यात गैर काही नाही. रंग आणि आकार काळाप्रमाणे बदलतात, बदलायलाच हवेत. पण ज्या मालावर आपलं नाव ठोकायचं, तो बिघडला तर त्याच नावाने लोक दाराशी येतील, याची तयारी आधी असू द्या. लोगो त्यानंतर काढा.