फवारून किती दिवस झाले, ताई?

सख्यांनो, बाजारात भाजी घेताना आपण काय काय बघतो? भेंडीचा शेंडा मोडून बघतो, वांगं उलटंपालटं करून किडकं नाही ना ते बघतो, भाव कमी करून मागतो. पण त्या वांग्याला कीड का नाही, हे विचारत नाही. 'फवारून किती दिवस झाले?' हा प्रश्न भाजीच्या ढिगापुढे बसून कोणी विचारताना दिसत नाही. आणि खरं तर सगळ्यात आधी विचारायचा तो हाच.

कीटकनाशकाच्या डब्यासोबत एक कागद येतो. फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस सोडायचे, ते त्या कागदावर लिहिलेलं असतं. प्रत्येक औषधाचे आणि प्रत्येक पिकाचे दिवस वेगळे. अक्षर मुंगीएवढं असतं, म्हणून कोणी वाचत नाही. कृषी केंद्रातून औषध आणलं की तो कागद मुलीकडून, नाहीतर गटातल्या कृषी सखीकडून वाचून घ्या.

आता हिशोब करा. भेंडी दोन दिवसांआड तोडावी लागते, नाहीतर निबर होते. कागदावर पाच दिवस लिहिले असतील तर मधल्या दोन तोड्यांचं काय करायचं? फेकायचं कोणाच्या जिवावर येईल? मग संध्याकाळी फवारलेली भेंडी दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी बाजारात जाते. कोणी मुद्दाम विष विकत नाही, पण होतं असंच.

'धुतलं की जातं' असं आपण म्हणतो. ते अर्धंच खरं. काही औषधं पानाफळाच्या वरच राहतात. ती वाहत्या पाण्यात चोळून धुतल्यावर बरीचशी निघतात. पण काही औषधं झाडाच्या रसात उतरतात, त्यांना आंतरप्रवाही म्हणतात. ती मिठाच्या पाण्यानेही निघत नाहीत. त्याला दिवस जाऊ देणे हाच उपाय. मोनोक्रोटोफॉस अशाच जातीचं आहे. भाजीपाल्यावर ते वापरायला सरकारची कधीचीच बंदी आहे.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे, ती भाजीवाल्या गावांत नसते. आपण धानवाले. बांधीत धान आणि धुऱ्यावर तूर, चवळी, भेंडी. तुडतुडे आले, करपा आला की बांधीत फवारणी होते आणि त्याचा फवारा वाऱ्याने धुऱ्यावर येतो. ती भेंडी आपण 'घरची आहे, बिनऔषधाची आहे' म्हणून लेकरांना खाऊ घालतो! बांधीतले मासे आणि धुऱ्यावरची रानभाजी यांचंही तेच. म्हणून फवारणी कोणत्या दिवशी आहे, हे घरातल्या बाईला आधी माहीत असलं पाहिजे. आधी तोडून घ्यायचं, नंतर काही दिवस त्या धुऱ्याला हात लावायचा नाही. खरी घरची भाजी सांदवाडीत, बांधीपासून दूर लावलेली बरी.

डब्यांबद्दलही सांगते, कारण हे दुखणं अजून गेलेलं नाही. जुलै 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत दुपारचं जेवण जेवून 23 मुलं दगावली. जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस होतं. औषधाचा रिकामा डबा कितीही मजबूत असो, त्यात तेल, पाणी, रॉकेल काही भरायचं नाही. भोक पाडून निकामी करायचा. डब्यावर रंगीत खूण असते. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे बिनविषारी, असं मात्र नाही. फवारणाऱ्याचा जीवही यातच अडकलेला आहे. 2017 साली आपल्याच विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन 20 हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले.

मग करायचं काय? मराठवाड्यातल्या बायांनी एक रस्ता काढला. दुष्काळाच्या वर्षांत लातूर, धाराशिवकडच्या बायांनी स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने घरच्यांकडे जमीन मागितली. सगळी नाही, अर्धा एकर, एक एकर. बाकी शेतात सोयाबीन लावा, ऊस लावा, हा तुकडा आमचा. त्यात त्यांनी डाळी, भाज्या, ज्वारी-बाजरी असं घरी खायचं पीक घेतलं, रासायनिक औषधाशिवाय. आधी घराचं पोट, उरलं ते बाजारात. 2016 मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मला यात पुरस्कारापेक्षा ती मागणी मोठी वाटते. शेतात राबणारी बाई 'काय पेरायचं ते मी ठरवते' असं म्हणाली. आपल्याकडे एक एकर कुठून येणार, असं म्हणाल. पण सांदवाडी तर कोणी हिसकावत नाही ना?

विकायचं असेल तर चिखल्याला एक सोय आहे. इथे मॅंगनीजची खाण आहे, महिन्याचा पगार येणारी घरं आहेत. त्यांना रोज भाजी लागते. आपली भाजी सकाळी तोडून तासाभरात त्यांच्या दारात पोचू शकते. पण त्यांनी विश्वास कशावर ठेवायचा? पाकिटावर 'सेंद्रिय' छापायचं तर प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी पीजीएस नावाची पद्धत आहे, तिला सहभाग हमी म्हणतात. किमान पाच शेतकऱ्यांचा गट करायचा, एकमेकांच्या शेतात जाऊन पाहणी करायची, वही ठेवायची, आणि गटानेच गटाची हमी घ्यायची. ओळखीचं वाटतंय ना? कर्ज घेताना आपण हेच करतो. एकीचा हप्ता थकला की सगळ्या तिच्या दारी जातो. इथे एकीने चोरून फवारलं तर सगळ्यांची भाजी बदनाम होते. तालुका कृषी कार्यालयात किंवा 'आत्मा'कडे याची विचारपूस करता येते.

जपानमध्ये 1970 च्या दशकात शहरातल्या गृहिणींनी गट करून शेतकऱ्यांशी थेट बोलणी केली होती. 'तुम्ही विष न घालता पिकवा, आम्ही वर्षभर घेतो.' त्याला तिथे तेइकेइ म्हणतात. तिथे गिऱ्हाईक बाया एकत्र आल्या. आपल्याकडे पिकवणाऱ्या आणि खाणाऱ्या दोन्ही बाया एकाच गावच्या आहेत.

प्रमाणपत्र होईल तेव्हा होईल. तोवर वही सुरू करा. कोणत्या वाफ्यात काय लावलं, काय फवारलं, कोणत्या तारखेला, तोडलं कधी, एवढंच लिहायचं. गिऱ्हाइकाने विचारलं की वही पुढे करायची.

किडीसाठी निंबोळी अर्क घरी होतो. निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडी पडतात. गोळा करून गर काढा, बिया सावलीत वाळवा. उन्हात टाकल्या तर जोर जातो. वापरताना अर्धा किलो बिया कुटून थोड्या पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी कापडातून गाळा, चमचाभर साबणाचा चुरा टाका आणि एकूण दहा लिटर पाणी करा. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारा. उरलेला अर्क दुसऱ्या दिवशी चालत नाही. तंबाखूचा काढा मात्र पालेभाजीवर नको, तंबाखूतलं निकोटीनही विषच आहे.