लोणारला आलात तर आधी धारेवर या

लोणारला येणारा पाहुणा गाडीतून उतरताच विचारतो, "सरोवर कुठून दिसतं?" मग तो थेट काठावर जातो, फोटो काढतो, वाऱ्यात जरा उभा राहतो आणि दुपारच्या आत अजिंठा-वेरूळच्या वाटेला लागतो. आमच्या घरी वर्षानुवर्षे पाहुणे उतरत आले आहेत. पुण्या-मुंबईचे येतात, नागपूरचे येतात, भूगर्भशास्त्र शिकणारी पोरं येतात, नातवंडांना घेऊन आजी-आजोबाही येतात. त्या सगळ्यांना मी एकच सांगतो. सरोवर शेवटी पाहा. आधी गावातून चाला, मग पाण्याचा माग काढत खाली उतरा. लोणार वरून पाहिलं तर एक मोठा खड्डा दिसतो. पाण्याबरोबर उतरत गेलात तर तेच लोणार उलगडत जातं.

ही सवय मला पणजीत लागली. फोंतेन्हास या जुन्या पोर्तुगीज वस्तीत आम्ही एका घरी उतरलो होतो. घरमालकीणबाईंनी चहासोबत हाताने लिहिलेला एक कागद पुढे ठेवला. सकाळी कोणत्या गल्लीत ऊन येतं, पाव कुठे ताजा मिळतो, अल्तिन्होच्या टेकडीच्या पायथ्याचा झरा कुठे आहे, असं सगळं त्यात होतं. पुस्तकात नसलेलं गाव त्या कागदावर होतं. परत आल्यावर मीही पाहुण्यांसाठी असाच कागद लिहायला बसलो. तो दर वर्षी वाढतच गेला. हा लेख म्हणजे त्याच कागदाचा विस्तार.

शास्त्राची बाजू थोडक्यात सांगतो, कारण ती कुठेही वाचायला मिळेल. अवकाशातून आलेला पाषाण दख्खनच्या काळ्या पत्थरावर आदळला आणि सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर झालं. 1823 मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची दखल घेतली. बराच काळ हा ज्वालामुखीचा प्रताप समजला जात होता. 1970च्या दशकात इथे खोदून काढलेल्या खडकांत प्रचंड आघाताच्या खुणा सापडल्या आणि वाद मिटला. वयाचा प्रश्न मात्र डोकं खाणारा आहे. आधीच्या मोजणीत ते सुमारे 52 हजार वर्षं निघालं, 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत 5 लाख 70 हजारांच्या आसपास. वाटाडे सांगतात की बेसॉल्टमधलं, म्हणजे या काळ्या पत्थरातलं, हे जगातलं एकमेव विवर आहे. ब्राझीलमध्येही बेसॉल्टमधली विवरं आहेत, तेव्हा ते 'एकमेव' सोडून द्या. बेसॉल्टमधलं इतक्या चांगल्या अवस्थेत टिकलेलं विवर म्हणून लोणारचं मोठेपण पुरेसं आहे. चंद्र-मंगळावरची विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ इथे येतात ते त्याचसाठी.

आता माझ्या आवडीच्या रस्त्याला लागू.

पहाट उलटली की निघा. आम्ही घाटावरचे लोक. बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग पडतात. शेगाव, नांदुरा, मलकापूर घाटाखाली तापतात तेव्हा लोणारची सकाळ बरी असते, पण ऊन चढलं की इथेही पत्थर भाजून निघतो. पायात बूट हवेत, चपला नकोत. पाण्याची बाटली हवी. आणि एक बॅटरी बरोबर ठेवा. ती दैत्यसूदनाच्या देवळात लागते.

दैत्यसूदन मंदिर गावातच आहे. सरोवराच्या नादात लोक ते चुकवतात, म्हणून मी ते पहिलं ठेवतो. पुराणकथा अशी की इथे लवणासुर राहायचा आणि विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याचा वध केला. मंदिर हेमाडपंती घडणीचं, चालुक्य-यादव काळातलं आहे. त्याचा पाया ताऱ्याच्या आकाराचा आहे, म्हणून भिंती सरळ जात नाहीत, कोनाकोनाने वळत जातात. उजवीकडून एक फेरी मारा. प्रत्येक वळणावर ऊन-सावली बदलते आणि मूर्तींचे चेहरे बदलतात. घाई करू नका, सगळ्या घडणीचं कौशल्य त्या वळणांतच आहे. वरचं शिखर पूर्ण झालेलं दिसत नाही. मला ते अपुरेपण आवडतं, कारण पाथरवट नुकताच काम ठेवून जेवायला गेला असावा असं वाटत राहतं.

आत गेल्यावर सरळ गाभाऱ्याकडे जाऊ नका. सभामंडपात थांबा, बॅटरी छतावर टाका आणि मान मागे करा. हिरण्यकश्यपूचा वध, कंसाचा वध, रासक्रीडा असे प्रसंग छतावर कोरलेले आहेत. पोरांना हा खेळ फार आवडतो. कोण कुणाला मारतोय ते ओळखा म्हटलं की ती अर्धा तास जागेवरून हलत नाहीत. मोठ्या माणसांना मात्र मान दुखते. त्यांना मी ओट्यावर टेकवतो आणि लवणासुराची गोष्ट सांगत बसतो. मे महिन्याच्या मध्यावर काही दिवस सूर्यकिरण थेट मूर्तीपर्यंत पोचतात. त्या दिवसांत येणं जमलं तर आधी कळवून या, गावाबाहेरची माणसंही जमलेली असतात.

देवळातून निघाल्यावर धार. चालत जाण्याएवढ्या अंतरावर आहे. विवराच्या काठाशी दगडी गोमुख आहे आणि त्यातून गोड पाणी वर्षभर पडत असतं. आमच्या आजूबाजूची सगळी तळी-विहिरी उन्हाळ्यात तळ गाठतात, टँकरची वाट पाहावी लागते, आणि इथे पाण्याची धार पडतच असते. लहानपणापासून मी याच एका गोष्टीने भारावलेलो आहे. खाली खारं सरोवर, वर गोडं पाणी, मध्ये फक्त उतार.

हे कसं होतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं लोणार उलगडेल. दख्खनचा पत्थर एकसंध नाही. लाव्हाचा एक थर थंड झाला, त्यावर दुसरा आला, असं थरावर थर साचत गेलं. दोन थरांच्या मधे सच्छिद्र, कुजलेला, लालसर पट्टा असतो. पाऊस पडला की पाणी वरच्या माळरानातून मुरतं, अशा पट्ट्यांत थांबतं आणि आडवं सरकतं. विवराने हे थर मधोमध कापले आहेत. कापलेल्या भिंतीला ते पाणी येऊन भिडतं आणि झरा होऊन बाहेर पडतं. धार त्यातली सगळ्यांत ओळखीची. सीतान्हाणी, रामगया हे आणखी झरे. हे पाणी खाली उतरून सरोवरात जातं आणि तिथून पुढे जायला वाटच नसते. सरोवराला बाहेर पडणारा ओढा नाही. ऊन पाणी ओढून घेतं, क्षार मागे उरतात. हजारो वर्षं हेच चाललं आहे. म्हणून वरचं पाणी पिता येतं आणि खालचं साबणासारखं बुळबुळीत लागतं.

धारेवर सकाळी गावकरी, भाविक, म्हातारी माणसं असतात. पाहुण्यांनी तिथे पर्यटकासारखं वागू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. आंघोळ करणाऱ्यांचे फोटो काढू नका. साबण-शॅम्पू अजिबात नको. हेच पाणी पुढे सरोवरात जातं. एखादी मावशी "घ्या जी, तीर्थ आहे" म्हणून ओंजळ पुढे करेल. घ्यायचं असेल तर घ्या, नको असेल तर हात जोडा, तिला राग येणार नाही. आसपासच्या देवळांच्या ओट्यावर बसून पाण्याचा आवाज ऐकत राहणं हा लोणारमधला मला सर्वांत प्रिय असलेला उद्योग आहे. एकदा नाशिकहून आलेल्या दोन शिक्षिका दुपार होईपर्यंत तिथून उठल्याच नाहीत, सरोवर त्यांनी दुसऱ्या दिवसावर टाकलं.

काही वर्षांपूर्वीपर्यंत याच पाण्यावर विवराच्या आत शेती होत असे. आता तिथे अभयारण्य आहे. साधारण 3.83 चौरस किलोमीटरचं हे क्षेत्र वनविभागाच्या ताब्यात आहे, म्हणून खाली उतरण्यापूर्वी चौकीवर विचारून घ्या. पाऊस जोरदार झालेला असला तर काठाची पायवाट पाण्याखाली जाते आणि माहीतगार माणसाशिवाय उतरण्यात अर्थ नसतो. स्थानिक वाटाड्या घ्याच. त्याचं पोट त्यावर आहे आणि त्याचे डोळे तुमच्यापेक्षा तयार आहेत. मोर कुठे उतरतात, माकडं कुठून येतात, कोणता दगड सुटा आहे, हे त्याला ठाऊक असतं. फक्त त्याने लोहचुंबक काढून मातीला चिकटवून दाखवलं तर मान डोलवा, पण ती उल्केची धूळ आहे असं मानू नका. आमच्या काळ्या पत्थरात मुळातच लोहयुक्त खनिज असतं, चुंबक कोणत्याही वावरात चिकटेल.

उतरताना झाडं पाहत चला. वरच्या उतारावर सागवान आहे, पुढे कडुनिंब, चिंच, आणि मधूनच वेड्या बाभळीची गर्दी. ही वेडी बाभूळ आपल्या झाडांची जागा खाते, तिच्याबद्दल माझ्या मनात अजिबात माया नाही. खाली गेल्यावर वास बदलतो. कुजलेल्या अंड्यासारखा, गंधकाचा. नाक झाकणाऱ्या पाहुण्यांना मी थोडा वेळ धीर धरायला सांगतो, पाच मिनिटांत नाक सरावतं.

सरोवराच्या काठाशी पोचल्यावर हळदीचा प्रयोग करा. घरून चिमूटभर हळद कागदात बांधून आणा. तळहातावर हळद घ्या आणि सरोवराच्या पाण्याचे दोन थेंब टाका. हळद कुंकवासारखी लाल होते, कारण पाण्याचा सामू दहाच्या आसपास आहे आणि अल्कलीत हळद लाल होतेच. आजी लोक लगेच देवीचा कौल म्हणतात, नातू शाळेतली लिटमसची पट्टी आठवतो. माझ्या लेखी दोघांचाही आनंद खरा. हळद मात्र पाण्यात टाकू नका.

हेच पाणी जून 2020 मध्ये गुलाबी झालं होतं. पाणी घटलं, खारटपणा वाढला आणि मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी रंग बदलला, असं तपासणीत निघालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलं. एरवी पाणी हिरवट असतं ते नीलहरित शेवाळामुळे. या क्षारांवर एके काळी महसूल चालत होता. अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीत मेहकरजवळच्या लोणारचा उल्लेख आहे, तिथे काच आणि साबण बनवायला लागणारा माल मिळतो असं नमूद आहे. मुघलांच्या हिशेबाला आमचं सरोवर ठाऊक होतं, याचं मला अजून नवल वाटतं.

कमळजा देवीचं देऊळ विवराच्या आत, पाण्याच्या काठावर आहे. नवरात्रात इथे यात्रा भरते आणि सगळं गाव त्या वाटेला लागतं. देवळासमोर सासू-सुनेची विहीर आहे. एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारं, असं म्हणतात. पाणी चढलेलं असेल तर ती दिसतही नाही. पण ती जिथे आहे ती जागा मला लोणारमधली सर्वांत शहाणी जागा वाटते. वरून आलेला झरा आणि सरोवराचा खारेपणा तिथे हाताच्या अंतरावर येतात. सासू कुठली आणि सून कुठली, यावर आमच्या घरात प्रत्येक पिढीत चर्चा झाली आहे आणि प्रत्येक वेळी सून गोड ठरली आहे.

चढताना दम लागतो, म्हणून उन्हाच्या आत वर या. तोवर जेवणाची वेळ झालेली असते. जेवायला ज्वारीची भाकरी, झुणका, ठेचा, वांग्याची भाजी. आमच्याकडे येणाऱ्यांना मी रोडग्यांचा बेत सुचवतो, पण ते आदल्या दिवशी सांगावं लागतं, गोवऱ्यांवर भाजायला वेळ लागतो. ठेचा आधी बोटाच्या टोकावर घ्या, मग भाकरीवर.

दुपारी झोप. उतरत्या उन्हात मुख्य विवराच्या उत्तरेला असलेलं अंबर तळं पाहा. आकाराने लहान, जवळजवळ गोल. तिथल्या मारुतीला लोक मोठा मारुती म्हणतात. मूर्ती आडवी, पहुडलेली. शेंदूर-तेलाने ती इतकी माखली आहे की खालचा दगड कसा असेल याचा अंदाज घेत बसावं लागतं.

आणि मग, शेवटी, काठावर जा. सकाळी ज्याच्या आत फिरलात ते सगळं आता खाली एका नजरेत दिसतं. तो हिरवा पट्टा सागाचा, ती पांढरी कड क्षारांची, तो काळा ठिपका कमळजेचं देऊळ. पाहुणे आपण चाललेली वाट स्वतःच शोधत राहतात.

दुसरा दिवस मोकळा असेल तर मेहकरला शारंगधर बालाजी पाहा. 1888 मध्ये जमिनीतून निघालेली ती काळ्या दगडाची मूर्ती आहे. तिथून समृद्धी महामार्ग गाठता येतो. सिंदखेडराजाही करता येतं. तिथे जिजाऊंचं जन्मस्थान, लखुजी जाधवांची समाधी आणि मोती तलाव पाहायला निदान अर्धा दिवस ठेवा. 12 जानेवारीला जिजाऊ जयंतीचा मोठा मेळा असतो. त्या आठवड्यात येणार असाल तर मुक्कामाची सोय महिनाभर आधी करा, आणि आमच्याकडे येताय हे तेवढं आधी कळवा, म्हणजे रोडग्यांसाठी गोवऱ्या वाळवून ठेवता येतील.