नाव बदला, साइट चालेल!

स्कॉलरशिपच्या फॉर्मची शेवटची तारीख आहे, रात्रीचे साडेअकरा वाजलेत, आणि साइट म्हणते, ‘तुमचा ब्राउझर चालणार नाही.’ आपण काय करतो? ब्राउझरला चार शिव्या घालतो आणि शेजारच्या रूममधला लॅपटॉप मागून आणतो. पण मित्रांनो, एक प्रश्न आपण विचारतच नाही. ब्राउझर चालणार नाही हे त्या साइटला कळलं कसं? तिने फॉर्म उघडून बघितला का? नाही. तिने फक्त नाव विचारलं आणि दारातूनच परत पाठवलं!

या नाव विचारण्याच्या सवयीपायी एका चांगल्या ब्राउझरचे कसे हाल झाले, ते आज सांगायचं आहे. ब्राउझरचं नाव ऑपेरा. आज त्या नावाने जो ब्राउझर मिळतो तो नव्हे, २०१३ पर्यंतचा जुना ऑपेरा. लेखासाठी ‘क्वर्क’ला मराठी शब्द हवा होता. आमचं शिक्षण काॅन्व्हेंटमधलं, त्यामुळे डोकं खाजवत बसलो. रूममेट म्हणाला, ‘खोड म्हण की!’ तर ऑपेराच्या खोडी, आणि त्यातल्या खरंच त्याच्या किती होत्या, हा आपला विषय.

आधी थोडं बेसिक. ब्राउझर साइटकडे पान मागतो तेव्हा सोबत एक ओळ पाठवतो. तिला म्हणतात युजर एजंट. ‘मी अमुक ब्राउझर, अमुक व्हर्जन, अमुक ऑपरेटिंग सिस्टिमवर आहे’ अशी ती ओळख असते. गंमत म्हणजे ही ओळख जवळपास सुरुवातीपासूनच खोटी आहे. नेटस्केपचा ब्राउझर स्वतःला ‘मोझिला’ म्हणवायचा. त्याला फ्रेम्स कळायच्या, म्हणून साइटवाले ‘मोझिला’ हा शब्द बघून चांगलं पान द्यायला लागले. १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर आला. आपल्याला साधं पान मिळू नये म्हणून त्यानेही ‘मोझिला’ नाव लावलं आणि खरं नाव कंसात टाकलं. पुढे सगळ्यांनी तेच केलं. आज क्रोम, सफारी, एज, कुणाचीही ओळ काढून बघा, सुरुवात ‘मोझिला/५.०’ अशीच होते. एकाच आडनावाचं गाव!

आता ऑपेरा. नॉर्वेच्या टेलेनॉर या टेलिफोन कंपनीतल्या एका रिसर्च प्रोजेक्टमधून तो निघाला. यॉन फॉन टेट्झनर आणि गाइर इव्हारसोय या दोघांनी १९९५ मध्ये वेगळी कंपनी काढली. सुरुवातीचा ऑपेरा एका फ्लॉपीवर मावायचा. (फ्लॉपी म्हणजे १.४४ एमबी. आत्ताच्या मोबाइलमधला एक फोटोसुद्धा तिच्यात मावणार नाही.) पण फुकट नव्हता, विकत घ्यावा लागायचा. २००० च्या शेवटी जाहिराती दाखवून फुकट झाला आणि २००५ मध्ये जाहिरातीही गेल्या. तोपर्यंत बाकीचे कितीतरी पुढे निघून गेले होते. माऊस नुसता हलवून मागे-पुढे जाणं, नवीन टॅबमध्ये आवडत्या साइट्सचे चौकोन दिसणं, पान नीट झूम होणं, या गोष्टी लोकांनी ऑपेरात आधी पाहिल्या आणि नंतर इतरत्र. वापरणारे मात्र थोडे. आणि वापरणारे थोडे असले की साइट बनवणारा त्यावर टेस्टिंग करत नाही, मग साइट मोडते, मग वापरणारे आणखी कमी होतात.

पण प्रत्येक वेळी निव्वळ दुर्लक्षच कारणीभूत होतं असं नाही. फेब्रुवारी २००३ चा किस्सा ऐका. मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन साइटवर ऑपेरा ७ मध्ये पान विचित्र दिसायला लागलं. याद्यांमधला मजकूर डावीकडे सरकून दुसऱ्या मजकुरावर चढायचा. लोकांना वाटलं ऑपेरात बग आहे. ऑपेराचे सीटीओ होते होकोन विउम ली, म्हणजे ज्यांनी १९९४ मध्ये सीएसएसची कल्पना मांडली तेच. त्यांनी तपासलं तर एमएसएनचा सर्व्हर ऑपेरा हे नाव बघून वेगळीच स्टाइलशीट पाठवत होता, आणि तिच्यात याद्यांना डावीकडे ३० पिक्सेल ढकलण्याची सूचना होती. मग त्यांनी युजर एजंटमधली अक्षरं फिरवून ‘ऑपेरा’चं ‘ओप्रा’ केलं. (हो, त्या टीव्हीवरच्या बाईंचं नाव!) ब्राउझर तोच, मशीन तेच, फक्त नाव वेगळं, आणि साइटने मुकाट्याने नीट स्टाइलशीट पाठवली. इंजिनियरिंगमध्ये आपण ‘एक व्हेरिएबल बदला, बाकी स्थिर ठेवा’ म्हणतो ना, त्याचं इतकं स्वच्छ उदाहरण लॅब मॅन्युअलमध्येही सापडणार नाही.

ऑपेराने उत्तर कसं दिलं? त्यांनी ‘बोर्क एडिशन’ काढली. मपेट शो नावाच्या कार्यक्रमात एक स्वीडिश आचारी आहे, त्याची बडबड कुणालाच कळत नाही आणि तो ‘बोर्क बोर्क बोर्क’ करत असतो. या खास ऑपेरात बाकी सगळ्या साइट्स नेहमीसारख्या दिसायच्या, फक्त एमएसएन उघडलं की सगळा मजकूर त्या आचाऱ्याच्या भाषेत! २००४ मध्ये ऑपेराने जाहीर केलं की एका कंपनीकडून तडजोडीचे १ कोटी २७ लाख ५० हजार डॉलर मिळाले. कंपनीचं नाव त्यांनी सांगितलं नाही. ती मायक्रोसॉफ्ट असल्याच्या बातम्या आल्या.

असो. सगळीकडे विनोद करून भागत नाही. रोज नवीन माणूस तक्रार घेऊन यायचा की माझ्या बँकेची साइट उघडत नाही, माझा फॉर्म पुढे जात नाही. याला ऑपेराचं पहिलं औषध होतं ‘एफ १२’. ते बटण दाबलं की छोटा मेनू यायचा, त्यात ‘इंटरनेट एक्सप्लोरर म्हणून ओळख द्या’ असा पर्याय असायचा. तो निवडून पान पुन्हा लोड करायचं. बऱ्याच वेळा साइट चालायची. कित्येक वर्षं तर ऑपेरा मूळ सेटिंगमध्येच स्वतःला एक्सप्लोरर म्हणवायचा आणि शेवटी हळूच ‘ऑपेरा’ जोडायचा.

औषध लागू पडायचं, पण त्याचा साइड इफेक्ट फार वाईट होता. ऑपेरावाला एक्सप्लोररचं नाव लावून साइटवर गेला की साइटच्या हिशोबात तो एक्सप्लोररवाला म्हणून मोजला जाण्याची शक्यता मोठी. महिन्याच्या शेवटी वेबमास्तर आकडे बघणार आणि म्हणणार, ‘ऑपेरा तर कुणी वापरतच नाही, कशाला टेस्ट करायचं?’ म्हणजे साइट मोडते म्हणून नाव लपवायचं आणि नाव लपवलं म्हणून साइट मोडकीच राहायची. २००६ मधल्या ऑपेरा ९ पासून तो खऱ्या नावाने वावरायला लागला, त्यामागे हे दुखणं होतंच.

दुसरं औषध मला जास्त आवडतं. ‘ब्राउझर डॉट जेएस’ नावाची एक जावास्क्रिप्ट फाइल ऑपेरा ठरावीक काळाने कंपनीच्या सर्व्हरवरून आपोआप उतरवून घ्यायचा. तिच्यात साइटवार ठिगळं असायची. अमुक साइटवर मेनू उघडत नाही? तिथे गेल्यावर तिच्या कोडमधली चुकीची ओळ बदलून टाक. तमुक साइट नाव विचारते? तिला दुसरं नाव सांग. म्हणजे साइट दुसऱ्याची, बग दुसऱ्याचा, आणि दुरुस्तीला ऑपेराचे लोक! त्याच वेळी ते त्या साइटवाल्यांना कळवायचेही की बाबांनो, तुमच्या कोडमध्ये हे चुकलंय. एखाद्या कंपनीने वेबवर दुसऱ्यांच्या घरची गळती काढत फिरावं, तसा प्रकार.

आणि ज्यावर ठिगळ लावूनही भागेना असा प्रसंग आला व्हर्जन १० ला. २००९ मध्ये ऑपेरा १० यायचा होता. टेस्टिंगमध्ये दिसलं की काही साइट्स त्याला ‘फार जुना’ म्हणून हाकलतायत. का? तर त्यांची स्क्रिप्ट ‘ऑपेरा/’ नंतरचा एकच आकडा वाचायची. १० मधला १ घेतला, शून्य सोडून दिलं, आणि ऑपेरा १० झाला ऑपेरा १! दोन आकडी व्हर्जनपर्यंत पोचलेला मोठा ब्राउझर तोपर्यंत नव्हताच, त्यामुळे हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. शेवटी ऑपेराने ओळीच्या सुरुवातीला ‘ऑपेरा/९.८०’ असं लिहून टाकलं आणि खरा आकडा शेवटी, ‘व्हर्जन/१०.००’. पुढे ११ आला, १२ आला, पण सुरुवातीला ९.८० ते ९.८०च. शाळेत नाव घालताना लावलेली जन्मतारीख जशी आयुष्यभर चिकटते, तसं.

यावर हसू नका. २०२२ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोघेही व्हर्जन १०० ला पोचले, तेव्हा तीन आकडी नंबरने साइट्स मोडतील अशी भीती त्यांनाही होती. दोघांनी आधी महिनोन्महिने चाचण्या घेतल्या, आणि वेळ आलीच तर नंबर ९९ वरच गोठवायचा असा प्लॅन तयार ठेवला होता. तेरा वर्षं गेली तरी तीच स्क्रिप्ट!

आता ऑपेराभक्तांना आवडणार नाही असंही थोडं लिहितो. सगळाच दोष साइट्सचा नव्हता. बोल्ड-इटॅलिक करत मजकूर लिहिण्याची सोय ऑपेरात ९ व्या व्हर्जनला आली, इतरांच्या बरीच नंतर. तोवर तसल्या साइट्सवर ऑपेरावाले साध्या चौकटीत लिहीत बसायचे. ‘बॅक’ बटणाची खोड तर अस्सल त्याची स्वतःची. मागे जायचं म्हणजे आधी पाहिलं होतं तेच पान जसंच्या तसं दाखवायचं, असा त्याचा बाणा. त्यामुळे बॅक विजेसारखं चालायचं. पण पानावरची स्क्रिप्ट पुन्हा सुरू होईल असं धरून बनवलेल्या साइट्स तिथे अडकायच्या, बटण करडं ते करडंच. स्टँडर्डमध्ये ऑपेराच्या बाजूने बोलता येईल, पण ज्याचा फॉर्म अडकलाय त्याला स्टँडर्ड वाचून दाखवून काय उपयोग?

एक खोड मात्र आपल्या, म्हणजे मराठी वाचणाऱ्यांच्या, थेट कामी आली. साध्या मोबाइलवर चालणारा ऑपेरा मिनी २००६ मध्ये जगभर आला. त्यात पान मोबाइल उघडतच नाही, ऑपेराचा सर्व्हर उघडतो, दाबून लहान करतो आणि तयार चित्रासारखं पाठवतो. टूजी आणि महागडा डेटा असताना भारतात तो अमाप चालला. पण त्या काळच्या कितीतरी फोनमध्ये देवनागरी फॉन्टच नव्हता. मराठी पेपर उघडला की नुसते चौकोन. तेव्हा पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ टाइप करायचं आणि कॉम्प्लेक्स लिपीसाठी बिटमॅप फॉन्ट वापरण्याचा पर्याय ‘येस’ करायचा. मग सर्व्हर मराठी अक्षरांची चित्रं बनवून पाठवायचा आणि मराठी दिसायला लागायचं. डेटा जास्त जायचा, मजकूर कॉपी करता यायचा नाही, पण वाचता यायचं! आपल्या स्टाफमधल्या कित्येकांना ही युक्ती आठवत असेल. तोटाही सांगायला हवा. सुरक्षित म्हणवणारं पानसुद्धा ऑपेराच्या सर्व्हरवर उघडूनच पुढे यायचं, त्यामुळे बँकेच्या कामाला तो धोक्याचा होता.

फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑपेराने जाहीर केलं की आपलं प्रेस्टो इंजिन सोडून यापुढे क्रोमियमवर ब्राउझर बनवणार. त्या वेळी त्यांचे सगळे ब्राउझर मिळून ३० कोटी लोक वापरत होते. तरीसुद्धा स्वतःचं इंजिन परवडेना, कारण इंजिन सुधारण्याऐवजी माणसं ठिगळं लावण्यात खर्ची पडत होती. नव्या ऑपेरा १५ मध्ये सुरुवातीला बुकमार्क्ससुद्धा नव्हते, जुने लोक भयंकर चिडले. आणि त्या नव्या ब्राउझरने युजर एजंटमध्ये ‘ऑपेरा’ हा शब्दच टाकला नाही, फक्त ‘ओपीआर’ अशी तीन अक्षरं. पूर्ण नाव लिहिलं असतं तर जुन्या स्क्रिप्ट्स पुन्हा नडल्या असत्या. कंपनी सोडून गेलेल्या फॉन टेट्झनर यांनी नंतर विवाल्डी ब्राउझर काढला. तोही क्रोमियमवरच, म्हणजे आतून क्रोमचा सख्खा भाऊ. तरी साइट्स नाव बघून अडवायच्या, म्हणून डिसेंबर २०१९ पासून त्यानेही बहुतेक ठिकाणी स्वतःला क्रोम म्हणवायला सुरुवात केली.

आता पुन्हा साडेअकरा वाजता अडकलेल्या फॉर्मकडे येऊ. लॅपटॉप मागायला जाण्याआधी ‘ओप्रा’वाली टेस्ट करून बघा. फायरफॉक्समध्ये युजर एजंट बदलणारं एक्स्टेन्शन मिळतं. क्रोमियमवाल्यांच्या डेव्हलपर टूल्समध्ये ‘नेटवर्क कंडिशन्स’ नावाच्या भागात ती सोय आधीपासूनच आहे. नाव बदलून फॉर्म सुरळीत चालला, तर ब्राउझर निर्दोष आहे, साइटची यादी जुनी आहे. नाव बदलूनही अडलाच, तर काहीतरी खरंच कमी आहे किंवा मोडलंय, मग खुशाल दुसरा ब्राउझर घ्या. दोन मिनिटांत निकाल लागतो, आणि तक्रार लिहिताना ‘साइट चालत नाही’ याऐवजी ‘याच ब्राउझरने नाव बदलल्यावर तुमचा फॉर्म पूर्ण भरला’ असं लिहिता येतं. अशा तक्रारीला ‘क्रोम वापरा’ हे उत्तर देणं जरा अवघड जातं. आणि हो, फॉर्म सबमिट झाला की नाव परत जागेवर ठेवायला विसरू नका, नाहीतर तुम्हीही क्रोमच्या आकड्यात जमा!