वास्तू वाचावी कशी?

तळोजा परिसरात बहुमजली इमारतींची संख्या वाढत आहे. येथे राहून वास्तुकलेचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यासाठी अभ्यासाचे साहित्य दाराशीच आहे. माल हाताळून पारखल्याशिवाय व्यापारी भाव ठरवत नाही. तद्वतच वास्तू प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय तिच्याविषयी मत बनवू नये.

आरंभ मोजमापाने करावा. रहिवाशांच्या परवानगीने खोल्या, जिने, दारे-खिडक्या यांची मापे घ्यावीत, उत्तर दिशा निश्चित करावी आणि नकाशा स्वतः काढावा. नंतर सकाळी, दुपारी व सायंकाळी त्याच जागी जाऊन ऊन, वारा आणि वर्दळ यांची नोंद ठेवावी. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या कुटुंबाच्या स्वयंपाकघरात सायंकाळी पुरेसा उजेड असतो का, याचे उत्तर केवळ कागदावर मिळत नाही.

तुलनेसाठी उत्तम उदाहरणही दूर नाही. तळोज्यानजीकच्या पेंधर स्थानकातून मेट्रोने बेलापूरला जाता येते. तेथील ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’ ही वसाहत चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात सिडकोसाठी रचली. सुमारे आठ मीटर लांबी-रुंदीच्या अंगणाभोवती सात घरे, अशा तीन समूहांना मिळून आणखी एक मोठे अंगण, अशी तिची मांडणी आहे. कोणत्याही घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही. कारण प्रत्येक कुटुंबाला गरजेनुसार आपले घर वाढवता यावे, हा हेतू होता. पुढे अनेकांनी घरे वाढवली, काहींनी मूळ घर पाडून नवे बांधले. हे बदल पाहून विद्यार्थ्याने विचारावे: काय बदलले, काय टिकले आणि का? आराखड्यातील हेतू आणि प्रत्यक्ष वापर यांतील अंतर तेथेच उमगते. मग हेच प्रश्न तळोज्यातील बहुमजली इमारतीला विचारावेत: ज्या घराला वाढायला जागाच नाही, त्यात कुटुंब वाढल्यावर काय होते? अंगणाचे काम तेथे कोणती जागा करते?

एका वस्तूला अनेक बाजू असतात, ही अनेकांताची शिकवण येथे उपयोगी पडते. गृहिणीला जाणवणारी अडचण वृद्धाला जाणवेलच असे नाही. रखवालदाराला दिसणारी त्रुटी वास्तुविशारदाच्या नजरेतून सुटू शकते. म्हणून सर्वांचे ऐकावे, मगच निष्कर्ष लिहावा.

कुटुंब आयुष्यभराची पुंजी घालून घर घेते. आराखड्यातील चूक कागदावर खोडता येते. बांधलेल्या घरातील चूक मात्र त्या कुटुंबाला वर्षानुवर्षे सोसावी लागते.