पुढल्या चाकांची चाल

बैलगाडीचा कणा दांड्यांना काटकोनात बसला नसला, तर गाडी एका अंगाला ओढते आणि त्या बाजूच्या बैलाची मान धरते. हे गाडीवानाला कोणी शिकवावे लागत नाही. मोटारीचेही तसेच आहे. फरक एवढाच, की मोटारीला मान नाही. तिचा त्रास टायरला होतो, आणि टायर बोलत नाही, मुकाट्याने झिजतो. तो कसा झिजतो आणि का झिजतो, हे आज आपण पाहू.

उदाहरणाला आपली जुनी फियाट घेऊ. वालचंद हिराचंद हे मूळचे सोलापूरचे. त्यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होई. पुढे तीच ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने घरोघर ठाऊक झाली. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 रोजी झाली होती. वीस वर्षांची मुदत संपल्यावर 2023 साली तीही रस्त्यावरून गेली. पण हौसेने सांभाळलेल्या अशा गाड्या अजून गावोगाव आहेत. काही तरुण मंडळी तिच्या पुढल्या स्प्रिंगांचे वेढे कापून गाडी खाली बसवतात. दिसायला ती ऐटदार दिसते. पण बीडहून सोलापूरकडे निघालात, पाली आणि बिंदुसरेचे धरण मागे टाकलेत, की पुढे मांजरसुंब्याचा घाट लागतो. तिथे ऐट कामाला येत नाही, तिथे चाकांची चाल कामाला येते.

पुढल्या चाकाचे तीन कोन असतात. नावे इंग्रजी आहेत, पण गोष्टी सोप्या आहेत.

पहिला कॅम्बर. गाडीसमोर उभे राहून पाहा. चाक ओळंब्यात उभे आहे की वरून आत किंवा बाहेर झुकले आहे, तो हा कोन. वरचा भाग आत झुकला, तर टायरची आतली कड जास्त झिजते. बाहेर झुकला, तर बाहेरची.

दुसरा कॅस्टर. यासाठी सायकल आठवा. तिचा पुढचा चिमटा तिरपा असतो. हँडलच्या आसाची रेषा खाली वाढवली, तर ती चाक जमिनीला टेकते त्या जागेच्या थोडी पुढे पडते. म्हणून चाक त्या रेषेमागे ओढले जाते आणि आपण होऊन सरळ होते. मुले हात सोडून सायकल चालवतात, त्यात या तिरपेपणाचा मोठा वाटा आहे. मोटार वळण घेतल्यावर स्टिअरिंग हातातून आपोआप परत फिरते, तेही याच गुणाने.

तिसरा टो. वरून पाहिले असता दोन्ही चाकांची तोंडे किंचित आत वळली असली, तर तो टो-इन. बाहेर वळली असली, तर टो-आउट. ज्या गाडीला जोर मागच्या चाकांवर असतो, तिची पुढली चाके चालताना रस्त्याच्या विरोधाने थोडी बाहेर फाकतात. म्हणून उभ्या गाडीत ती मुळातच किंचित आत ठेवतात.

हे ‘किंचित’ किती महत्त्वाचे आहे, ते शिक्षकांनी वर्गात फळ्यावर मांडून दाखवावे. रिमचा व्यास साधारण 36 सेंटिमीटर धरू. दोन्ही चाकांत मिळून टो 5 मिलिमीटरने चुकला, तर एका चाकाच्या वाट्याला अडीच मिलिमीटर आले. अडीच भागिले 360, म्हणजे हजारात सुमारे सात. एक किलोमीटर चालताना ते चाक सात मीटर बाजूला जाऊ पाहते. गाडी त्याला जाऊ देत नाही. मग टायरचे रबर घासते. टायरवरून हात फिरवून पाहा: एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर समजावे की टो चुकला आहे.

आता गाडी खाली बसवल्यावर काय होते? फियाटच्या पुढल्या चाकाला वर एक आणि खाली एक अशा दोन भुजा धरून असतात. वरची आखूड, खालची लांब. दाराची आखूड फळी आणि लांब फळी सारख्याच उंचीने वर उचलली, तर आखूड फळीचे टोक जास्त आत येते. तसेच इथे घडते. गाडी खाली बसली, की चाकाचा माथा आत झुकतो. स्टिअरिंगचा दांडा आपल्या वेगळ्या वर्तुळात फिरतो, म्हणून टोही बदलतो. आणि नुसते पुढचेच अंग 40 मिलिमीटर खाली गेले, तर कॅस्टरही घटतो. या गाडीच्या पुढल्या-मागल्या चाकांमध्ये सुमारे 2.34 मीटर अंतर असते. त्या हिशेबाने गाडी जवळजवळ एक अंश नाक खाली करते, आणि तेवढा कॅस्टर कमी होतो. स्टिअरिंग हलके लागते खरे, पण वेगात गाडी भरकटल्यासारखी वाटते.

म्हणून उपाय क्रमाने करावा. आधी हवा सारखी भरावी. मग चाक जॅकवर उचलून, गाडीखाली भक्कम आधार देऊन, मागल्या चाकांना दगड लावून, ते वरखाली धरून हलवावे. खडखड लागली, तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. खडखड थांबली तर दोष बेअरिंगचा. तशीच राहिली तर किंगपिन किंवा सांधे झिजले आहेत. झिजलेल्या सांध्यांवर अलाइनमेंट करणे म्हणजे पडक्या भिंतीला रंग देणे. ते आधी बदलावेत.

नंतर उंची ठरवावी, मग कॅस्टर, मग कॅम्बर, आणि टो सर्वांत शेवटी. कारण आधीचे दोन हलवले, की टो हलतोच. ज्या गाड्यांत भुजेचा आस दोन बोल्टांनी चौकटीवर बसवलेला असतो, तिथे मध्ये पातळ चकत्या घालतात. दोन्ही बोल्टांखाली सारख्या चकत्या वाढवल्या-काढल्या, तर कॅम्बर बदलतो. एका बोल्टाखालची काढून दुसऱ्याखाली घातली, तर कॅस्टर. टो मात्र स्टिअरिंगच्या दांड्यावरची आट्यांची नळी फिरवून जुळवतात.

घरी तपासता येईल तेवढे तपासावे. सपाट अंगणात, स्टिअरिंग सरळ ठेवून, गाडी दोन-चार हात पुढे ढकलावी, म्हणजे स्प्रिंगा जागेवर बसतात. कॅम्बरसाठी रिमजवळ ओळंबा सोडून वरचे आणि खालचे अंतर मोजावे. 6 मिलिमीटरचा फरक म्हणजे साधारण एक अंश. टोसाठी दोन्ही रिमवर पुढच्या बाजूस, आसाच्या उंचीला, खडूची खूण करावी आणि त्यांतले अंतर मोजावे. गाडी अर्धा फेरा ढकलून त्याच खुणा मागे आल्यावर पुन्हा मोजावे. दोन मापांतला फरक हाच टो. खरी मापे मात्र कंपनीच्या पुस्तिकेतून घ्यावीत, आणि खाली बसवलेली गाडी जाणत्या मिस्त्रीकडून त्या नव्या उंचीवर नव्याने जुळवून घ्यावी.

एक गोष्ट निक्षून सांगतो. वेढे कापलेली स्प्रिंग कडक होते. चाक खड्ड्यात लोंबले, तर ती बैठकीतून निसटू शकते. शिवाय 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत मन मानेल तसा फेरफार करू देत नाही. गावाच्या तोंडाशी असलेला गतिरोधकही खाली बसवलेल्या गाडीचे पोट सोडत नाही. तेव्हा हौस असेल, तर गाडी मूळ उंचीवर आणावी आणि तिची चाल नीट करावी. घाटाच्या वळणावर घरची माणसे गाडीत असतात. त्या वेळी त्यांचा सारा भार रस्त्यावर टेकलेल्या तळहाताएवढ्या चार ठिकाणांवर असतो. ती चारही ठिकाणे पूर्ण टेकली पाहिजेत.